लॉनवर सावली आली, आता कोणतं गवत लावायचं?

वाचकाचं पत्र

"आमचा पुण्यात कोथरूडला बंगला आहे. दक्षिणेच्या अंगाला ३० फूट बाय २० फुटांचं लॉन आहे. बारा वर्षांपूर्वी 'सिलेक्शन नंबर १' लावलं होतं, ते छान यायचं. तीन वर्षांपूर्वी कुंपणापलीकडे पाच मजली इमारत उभी राहिली. ती आमच्या भिंतीपासून साधारण १५ फुटांवर आहे. नैर्ऋत्य कोपऱ्यातला आंबाही आता बराच पसरलाय. तेव्हापासून गवत विरळ होत चाललंय. बंगल्यालगतची पट्टी बरी आहे, मधला भाग पिवळा पडलाय आणि आंब्याखाली नुसती माती नि शेवाळ. दोनदा गवताच्या नव्या लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) आणून बसवल्या, दोन्ही वेळा हिवाळ्यात गेल्या. माळीबुवा म्हणतात युरिया वाढवा आणि वर चार इंच लाल माती टाका. नर्सरीवाले म्हणतात मेक्सिकन लावा, ते सावलीत येतं. यजमान म्हणतात प्लास्टिकचं गवत अंथरा, कटकट मिटेल. पाणी बोअरचं आहे. सासूबाईंना सकाळी अनवाणी फेऱ्या मारायच्या असतात आणि नातवंडं संध्याकाळी खेळतात. काय करावं?"

उत्तर

ताई, गवत बदलायला हवं हे खरं, पण सगळ्या ६०० चौरस फुटांत नको. तुमच्या लॉनमध्ये आता उजेडाचे तीन वेगळे भाग पडले आहेत. तिन्हीकडे एकच गवत लावलं, तर ते कोणतंही असो, एका भागात तरी फसणारच. म्हणून आधी ऊन मोजू आणि मग गवत निवडू.

दोन्ही वेळच्या लाद्या हिवाळ्यातच का गेल्या, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या इमारतीची दुपारची सावली तुमच्याकडे येतच नाही. डिसेंबरअखेरीस मात्र दुपारी साडेबाराच्या सुमारासही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो. पार्किंग धरून पाच मजली इमारत साधारण ६० फूट उंच भरते. तिची सावली तेव्हा ५४ फुटांपर्यंत लांबते. मधले १५ फूट वजा केले तरी ३९ फूट उरतात आणि तुमचं लॉन तर २० फुटांचंच आहे. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात, तेव्हा हीच सावली भिंतीलगतच्या पाचेक फुटांवर थांबते. हिशेब केला तर साधारण दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत दुपारी सगळं लॉन सावलीत असतं. लाद्या बसवताना ऊन दिसलं असणार, पण त्यांनी मूळ धरायच्या आत ते गेलं.

सिलेक्शन नंबर १ ही आपल्या हरळीच्याच कुळातली जात. तिला दिवसाकाठी सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. तेवढं मिळालं नाही की ती उजेड शोधत लांबते. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं कमी नि फिकी येतात, मुळं उथळ राहतात. वरून कापलं की उरलीसुरली पानंही जातात. मग मोकळ्या मातीत लव्हाळ्यासारखं चिवट तण आणि शेवाळ जागा घेतात.

युरियाचं सांगायचं तर, गवताचं अन्न उन्हातून तयार होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सावलीत युरियातून जास्त नत्र (नायट्रोजन) दिलं की गवत मुळांत साठवलेलं अन्न खर्च करून लुसलुशीत पानं काढतं. आठवडाभर हिरवंगार दिसतं, मग कोसळतं. अशी कोवळी पानं पावसाळ्यात बुरशीलाही लगेच बळी पडतात. लाल मातीचं कारण वेगळं आहे, त्याकडे आंब्यापाशी येऊ.

आधी दोन तपासण्या

गवत जाण्याला सावलीशिवाय दुसरं कारण नाही ना, याची खात्री करून घ्या. पिवळ्या भागातलं गवत मुठीत धरून वर ओढा. ते मुळांशिवाय सहज सोलून निघालं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असू शकते. एक फूट बाय एक फूट जागा सहा इंच खोल उकरून पाहा. पाचाहून जास्त पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या, तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. अळ्या नाहीत, मुळं आहेत पण दीड-दोन इंचांतच संपतात, असं दिसलं तर दोष सावलीचा. दुसरी तपासणी घट्टपणाची. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू ड्रायव्हर जमिनीत दाबा. सहा इंच सहज गेला पाहिजे. तीन इंचांवर अडत असेल तर माती दबली आहे आणि तशा मातीत कोणतंच गवत नीट येणार नाही.

ऊन कसं मोजायचं

निरभ्र दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला गच्चीवरून, एकाच जागेवरून, लॉनचा फोटो काढा. कागदावर लॉनचा आराखडा काढून तीन-तीन फुटांचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनात किती तास ऊन होतं ते लिहा. हे एकदा एप्रिलमध्ये करा आणि एकदा डिसेंबरमध्ये. डिसेंबरपर्यंत थांबायचं नसेल, तर वरचा हिशेब धरून चाला.

आंब्याखाली पानांतून झिरपणारा उजेड तासांत मोजता येत नाही. तिथे दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड बरा आहे. हाताचा आकार धूसरच दिसला तर सावलीत तगणारं गवत कसंबसं येईल. सावलीच पडली नाही तर तिथे गवताचा नाद सोडा.

इमारतीची सावली आणि झाडाची सावली यांत मोठा फरक आहे आणि लॉन लावून देणारे बहुतेक जण तो लक्षात घेत नाहीत. इमारतीच्या सावलीतही वरचं मोकळं आकाश दिसतं, तिथून विखुरलेला चांगला उजेड मिळतो आणि भिंत काही जमिनीतलं पाणी पीत नाही. झाडाची पानं मात्र गवताला हवा असलेला लाल नि निळा प्रकाश स्वतः शोषून घेतात. खाली येतो तो मुख्यतः गवताला नुसतं उंच ताणणारा प्रकाश. वर आंब्याची मुळं पाणी आणि खत आधी उचलतात. म्हणून भिंतीच्या सावलीत चार तासांच्या उन्हावर जे गवत छान येतं, तेच आंब्याखाली चार तासांतही रडत राहतं.

तुमच्या वर्णनावरून असं दिसतं: बंगल्यालगतची साधारण सहा फुटांची पट्टी, म्हणजे १८० चौरस फूट, आहे तशी ठेवावी. हिवाळ्यात तिथली हरळी थोडी विरळ होईल, पण त्या दिवसांत तिची वाढ तशीही मंद असते आणि मार्चमध्ये ती भरून येते. मधल्या ३०० चौरस फुटांत नवं गवत लावावं. आंब्याखालचे आणि त्यालगतच्या भिंतीकडेचे मिळून १२० चौरस फूट गवतातून वगळावेत.

कोणतं गवत

मेक्सिकन म्हणून नर्सरीत जे मिळतं ते बहुतेक वेळा झॉयशिया असतं. बारीक, ताठ, गालिच्यासारखं दिसणारं. ते हरळीपेक्षा सावली जास्त सोसतं हे खरं, पण चार-पाच तास ऊन त्यालाही लागतंच. शिवाय त्याची वाढ फार सावकाश. एकदा खड्डा पडला की भरायला वर्ष घेतं. तुमच्याकडे चार महिने इमारतीची सावली आणि वर नातवंडांचा खेळ, म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

खऱ्या अर्थाने सावली सोसणारी दोन गवतं आपल्याकडे मिळतात. पहिलं रुंद पानाचं कार्पेट गवत, शास्त्रीय नाव अ‍ॅक्सोनोपस कॉम्प्रेसस. दुसरं सेंट ऑगस्टिन, शास्त्रीय नाव स्टेनोटॅफ्रम सेकंडाटम. पंचाईत नावांची आहे. एका नर्सरीत 'बफेलो' म्हणून सेंट ऑगस्टिन देतात, दुसरीत त्याच नावाने कार्पेट गवत, आणि 'कार्पेट' म्हटलं तर कुणी मेक्सिकनही पुढे करतं. म्हणून नावावर जाऊ नका, पान पाहा. कार्पेट गवताचं पान जवळपास एक सेंटिमीटर रुंद, पातळ, मऊ आणि टोकाला बोथट असतं. तुरा आला तर वरची दोन कणसं इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकलेली दिसतात. सेंट ऑगस्टिनचं पान तेवढंच किंवा थोडं अरुंद, पण जाड असतं, टोक होडीसारखं, आणि जमिनीवर पसरणारा धुमारा चपटा नि चांगला जाड. मेक्सिकनचं पान एक-दोन मिलिमीटरचं, तळव्याला टोचणारं. ही खूण लक्षात ठेवली की फसवणूक होणार नाही.

या दोघांत निवड पाण्यावर आणि मातीवर ठरते. कार्पेट गवताला ओलसर, किंचित आम्लधर्मी माती आवडते. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या मातीत ते फार सुंदर येतं, तिथल्या वाचकांनी डोळे मिटून तेच लावावं. पुण्याच्या चुनखडीच्या मातीत, त्यातून बोअरच्या जड पाण्यावर, त्याला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, अशी. सेंट ऑगस्टिन चुनखडी आणि थोडा खारेपणा दोन्ही सोसतं. तुमच्या बादलीला, नळाला पांढरा थर धरत असेल तर सेंट ऑगस्टिन लावा. महापालिकेचं पाणी लॉनला पुरवता येत असेल, तर कार्पेट गवतही चालेल आणि सासूबाईंच्या पायांना तेच जास्त मऊ लागेल.

खेळाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. सावलीत गवताची झीज लवकर होते आणि भरून सावकाश येते. पळापळ, लपाछपी चालेल. एकाच जागी स्टंप ठोकून रोज क्रिकेट खेळलं, तर कोणतंही गवत तिथे महिन्याभरात संपेल. खेळ बंगल्यालगतच्या हरळीवर हलवा, ती तुडवणं सोसते.

सगळं लॉन उकरण्याआधी दोन्ही गवतांच्या एकेक फुटाच्या दोन-दोन लाद्या आणून मधल्या भागात वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहा. मार्चमध्ये लावल्या तर मेपर्यंत कोणती धरते ते कळेल.

आंबा

लॉनच्या कामातलं सगळ्यात जपून करायचं काम हेच, कारण गवत दर वर्षी नवं लावता येईल, आंबा नाही.

खालच्या फांद्या जमिनीपासून आठ-नऊ फुटांपर्यंत काढल्या आणि आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ केल्या, तर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आत येतं. एकूण पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी काढू नका. ही छाटणी फळं उतरल्याबरोबर करायची. उशीर केला तर पुढच्या मोहोरावर परिणाम होतो. शहरात फांद्या तोडायलाही परवानगी लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ तुमच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे मार्चमध्येच अर्ज करा, म्हणजे मेअखेरीस हातात कागद असेल. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून, मग एकत्र करून सगळं मिळून एक लिटर पाण्यात. लोखंडी बादली वापरू नका.

आता लाल माती. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांवर चार इंच माती टाकली की ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं आणि तोवर मातीची आठवणही राहत नाही. बाहेरून आणलेल्या लाल मातीत लव्हाळ्याच्या गाठी हमखास असतात, तो त्रास वेगळा. झाडाच्या पसाऱ्याखाली फार तर अर्धा-पाऊण इंच चाळलेलं कंपोस्ट टाका, बुंध्यापासून फूटभर लांब. अंगठ्याएवढं किंवा त्याहून जाड मूळ तोडू नका, त्याला वळसा घाला.

पाण्याचाही संघर्ष आहे. मोहोर यायच्या आधी, ऑक्टोबर ते डिसेंबर, आंब्याला कोरड्या विश्रांतीची गरज असते. त्या काळात मुळांशी सतत ओल राहिली की मोहोराऐवजी नवी पालवी फुटते. लॉन लावल्यापासून आंबा कमी लागतोय अशी तक्रार अनेक घरांत असते, तिचं हे एक कारण. म्हणूनही आंब्याखालचा भाग गवतातून वगळायचा.

तिथे काय लावायचं? बुंध्याभोवती तीन-चार फुटांचं वर्तुळ रिकामं ठेवून आंब्याचीच वाळलेली पानं दोन-अडीच इंच जाडीने पसरा, बुंध्याला टेकू देऊ नका. त्यापलीकडे मोंडो ग्रास लावा. नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही, कापावं लागत नाही आणि दाट सावलीत सुखाने राहतं. पिशवीतल्या एका गड्ड्याचे चार-पाच भाग करून पाच-पाच इंचांवर लावायचे. ८०-९० चौरस फुटांना साधारण ५०० भाग, म्हणजे १००-१२५ पिशव्या लागतील. भरायला वर्ष जाईल. घाई असेल तर फुटा-फुटावर स्पायडर प्लांट लावा, ते लवकर पसरतं. नर्सरीवाले वेडेलिया सुचवतील. पिवळ्या फुलांनी ती छान दिसते, पण वर्षाभरात शेजारच्या नव्या गवतात घुसते आणि मग उपटता उपटत नाही. ती नको. इथे जमीन खणू नका, मुळांच्या मधल्या जागांत खुरप्याने छोटे खळगे करून लावा.

जुनं गवत काढणं

मधल्या भागातली हरळी आणि लव्हाळा काढणं हे चिकाटीचं काम आहे. हरळीचं एक पेर जरी मातीत राहिलं तरी ते फुटतं. उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिक अंथरून तण मारायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती भर उन्हात चांगली चालते, सावलीत मात्र माती पुरेशी तापतच नाही, म्हणून इथे तिच्यावर भरवसा ठेवू नका.

एप्रिलच्या सुरुवातीला पाणी देऊन वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी होऊ द्या, मग टिकावाने सहा इंच खणा. ढेकळं हाताने फोडून धुमारे, मुळ्या आणि लव्हाळ्याच्या काळ्या गाठी वेचा. लव्हाळा नुसता उपटला की गाठ खालीच राहते, ती सहा-आठ इंच खोल असते, खुरप्याने माग काढत जावं लागतं. वेचलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, बाहेर द्या. जमीन सपाट करून पाणी द्या आणि पंधरा दिवस तशीच सोडा. राहिलेलं सगळं फुटेल, ते पुन्हा काढा. असं दोनदा करा. माळीबुवांना हे पंधरा-पंधरा दिवस फुकट वाटतील, पण हे वाचवलं तर पुढची दोन वर्षं तण काढत बसावं लागतं.

राहत्या हरळीच्या पट्टीतून ती नव्या गवतात शिरू नये म्हणून मधे विटांची कड हवी. विटा उभ्या, सहा इंच जमिनीत आणि इंचभर वर, सांधे सिमेंटने बंद. तरीही धुमारे वरून उडी मारतात, महिन्यातून एकदा कात्री फिरवावी लागेल.

माती

३०० चौरस फुटांत इंचभर जाडीचं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट लागेल, म्हणजे ४० किलोची साधारण दहा पोती. त्यात सात-आठ किलो निंबोळी पेंड आणि दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून वरच्या चार-पाच इंचांत कालवा. शेणखत कच्चं असेल, हाताला गरम लागत असेल किंवा वास येत असेल तर घेऊ नका. हुमणीची अंडी आणि तणाचं बी त्यातूनच येतं. माती काळी असेल तर थोडीशी वाळू मिसळायचा मोह टाळा. घमेलंभर वाळूने काळी माती सुटत नाही, उलट वाळल्यावर जास्त कडक होते. सेंद्रिय खतच घाला.

उतार बंगल्यापासून भिंतीकडे, दर मीटरला दीड सेंटिमीटर ठेवा. लेव्हलच्या नळीने दोन्ही टोकांना खुणा करून दोरी बांधा, नुसत्या नजरेने करू नका. सावलीत पाणी सुकत नाही, साचलेल्या प्रत्येक खळग्यात शेवाळ धरतं. पंज्याने माती सारखी करा, पाणी मारून दोन दिवस बसू द्या, खचलेल्या जागा भरा आणि हलका रोलर एकदा फिरवा.

नातवंडं फाटकाकडे ज्या वाटेने धावतात तिथे आत्ताच शहाबादी फरश्यांचे तुकडे बसवा. दोन इंच वाळूवर, मध्यापासून मध्यापर्यंत दीड फूट, पृष्ठभाग मातीच्या पातळीत. ती वाट कोणतंही गवत टिकू देणार नाही.

लावणी

मेचा शेवटचा आठवडा ते मृगाचा पहिला पाऊस, हाच तुमचा मुहूर्त. आंबे उतरलेले, छाटणी झालेली, इमारतीची दुपारची सावली शून्य. तिथून दिवाळीपर्यंत गवताला पाच महिने मिळतात. ऑक्टोबर ते जानेवारीत अजिबात लावू नका.

पूर्ण लाद्या अंथरायच्या तर ३२० चौरस फूट मागवा, कडा कापण्यात थोडं जातं. आणल्या दिवशीच बसवा. गुंडाळून ठेवलेली लादी एका रात्रीत आतून तापते. लादी उलटून पाहा: पांढरी मुळं, इंचभर माती, लव्हाळा नाही. उघड्या उन्हात वाढलेलं गवत एकदम सावलीत आलं की पहिल्या महिन्यात पानं गाळतं. शेडनेटखाली वाढवलेलं मिळालं तर तेच घ्या. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत, घट्ट भिडवून बसवा आणि वर पाट ठेवून दाबा.

खर्च वाचवायचा असेल तर सेंट ऑगस्टिनच्या लादीचे तीन-तीन इंचांचे चौकोन कापा. एका चौरस फुटात सोळा निघतात. ते नऊ-नऊ इंचांवर लावले तर ३०० चौरस फुटांना सव्वापाचशेच्या आसपास लागतील, म्हणजे ३५ चौरस फूट लादी पुरते. कार्पेट गवताच्या काड्या लावायच्या तर प्रत्येकीला दोन-तीन पेरं हवीत. दोन पेरं मातीत, शेंडा बाहेर, पाच इंचांवर एक. सुमारे दोन हजार काड्या लागतील. उन्हातल्या लॉनला लोक सहा-आठ इंच अंतर ठेवतात, सावलीत ते दाटच हवं. अशी जमीन अडीच-तीन महिन्यांत भरते, मधल्या काळात तण हाताने काढत राहा.

पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तर रोज सकाळी हलकं पाणी. लादीचा कोपरा उचलून पाहा. मूळ धरल्याचं जाणवलं की दिवसाआड आणि मग आणखी अंतराने. सहा आठवडे कुणी त्यावर चालू नये.

लावल्यानंतर

सावलीत तगणाऱ्या गवताला उन्हातल्या लॉनची सेवा दिली की ते मरतं. इथे सगळं कमी हवं, फक्त उंची जास्त. सेंट ऑगस्टिन तीन ते साडेतीन इंच, कार्पेट गवत दोन ते अडीच इंच ठेवा. पान जितकं मोठं तितका उजेड पकडायला पृष्ठभाग जास्त. एका कापणीत एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. ढकलायच्या मशीनचं पातं सगळ्यात वरच्या खाचेत लावूनही गवत फार खुजं होत असेल, तर मोठ्या कात्रीने कापा. माळीबुवांना लाकडी पट्टीवर खूण करून द्या. चकाचक दिसावं म्हणून एकदा तळापर्यंत कापलं तर सावलीतलं गवत त्या हंगामात पुन्हा उठत नाही.

पाणी बोटाने ठरवा. दोन इंचांवर ओल लागत असेल तर देऊ नका. साधारणपणे उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी. एका वेळी मधल्या भागाला ५५० लिटरच्या आसपास, सकाळी आठच्या आत. संध्याकाळी दिलं तर रात्रभर पान ओलं राहतं आणि बुरशी येते.

युरिया वर्षातून तीनदाच, मार्च, जुलै आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, दर वेळी ३०० चौरस फुटांना १४० ग्रॅम. कोरड्या पानांवर चार पट मातीत मिसळून फेका आणि लगेच पाणी द्या. हिवाळ्यात काहीही देऊ नका. शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं तर तीन लिटर पाण्यात १५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी फवारा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

आंब्याची पानं दोन-तीन दिवसांत गवतावरून झाडून आंब्याखालच्या थरात टाका. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे चिकट स्राव गाळतात, त्यावर काजळी धरते आणि खालचं गवत काळं पडतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका, सकाळीच.

पावसाळ्यात थाळीएवढे तपकिरी गोल डाग दिसले तर ती बुरशी. युरिया थांबवा, मेलेलं गवत पंज्याने काढा, पाणी कुठे साचतंय ते पाहा. शेवाळ परत आलं तर ते खरवडून उपयोग नाही, खालची माती दबलेली आहे. वाफशावर बागकामाच्या दातेरी काट्याने दर सहा इंचांवर तीन-चार इंच खोल टोचा आणि भोकांत बारीक कंपोस्ट भरा. हे वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, आपणहूनच करावं. पहिल्या हिवाळ्यात गवत थोडं विरळ झालं तर घाबरू नका आणि खतही टाकू नका. मार्चअखेरीपर्यंत वाट पाहा, उरलेल्या मोकळ्या जागी त्याच लॉनच्या कडेचे तुकडे लावा.

यजमानांच्या प्लास्टिक गवताबद्दल: गच्चीवर किंवा पोर्चच्या फरशीवर त्यांनी ते खुशाल अंथरावं. अंगणात नको. ते बसवताना खडी नि कच टाकून जमीन दाबून पक्की करतात, म्हणजे आंब्याच्या मुळांचं तेच होतं जे चार इंच लाल मातीने झालं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते इतकं तापतं की सासूबाईंना त्यावर अनवाणी पाय ठेवता येणार नाही. आणि आंब्याचा चिकट मोहोर त्यावर पडला की ते झाडून निघत नाही, धुऊनच काढावं लागतं.